जन्मभर पुरेल

जुन्या गाड्यांचे विक्रेते शिकलगार यांनी तपासणी यंत्राची तार निळ्या गाडीला जोडली आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं, "येत्या दिवाळीपर्यंत चालेल. मग भंगारात."

"मग नकोच ही," वैजयंती म्हणाली.

तिच्या वडिलांना, अप्पांना, मात्र ती छोटी गाडी आवडली होती. ते सरळ दार उघडून आत बसले. "मी जाऊन जाऊन कुठे जाणार? मंडईपर्यंत! माझ्यासाठी तपासा की."

"मग स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवा, काका. यंत्र नाडी बघतं, श्वास ऐकतं आणि चालवणाऱ्याला गाडी किती पुरेल ते सांगतं."

अप्पांनी हात ठेवले. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'या चालकाला जन्मभर पुरेल.'

"बघ!" अप्पा हसले. "तू उगाच खोट काढत होतीस."

शिकलगार हसले नाहीत. पुसलेलीच काच ते पुन्हा पुसू लागले.

यंत्रच बिघडलं असेल, असं स्वतःला बजावत वैजयंतीनं अप्पांना उतरवलं, स्वतः बसली आणि स्टीअरिंग घट्ट धरलं. अक्षरं लाल झाली, 'या चालकाला पुरणार नाही. दिवाळीनंतर दुसरी गाडी लागेल.'

बाहेर अप्पा बॉनेटवर थाप मारत उभे होते. "काय म्हणतंय गं?"

तिनं तळव्यानं पडदा झाकला.

"तेच म्हणतंय, अप्पा. जन्मभर पुरेल."