यादी

मिनेसोटातल्या त्या गावात कुणाच्या घरचं माणूस गेलं, की व्हर्ना चर्चमधल्या बायकांना कामाला जुंपायची. त्या घरी कुठल्या दिवशी कुणी जेवण पोचवायचं, याची यादी तीच करणार. "डार्ला, मंगळवार तुझा. आणि मागच्यासारखं अळणी नको!" तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

मग व्हर्नाचाच नवरा गेला. दफन होऊन तीन दिवस झाले, पण दारावर एक थाप पडली नाही. गावाला हुकूम सोडणारी ती बाई, पण स्वतःसाठी मागायला जीभ रेटेना. दाराकडे डोळे लावून नुसती बसून राहिली.

चौथ्या दिवशी डार्लाचा फोन आला.



"अगं व्हर्ना, स्वयंपाक करून आम्ही सगळ्या कधीच्या खोळंबलोय. तुझ्या घरची यादी तू पाठवलीच नाहीस!"