नाकिन्टूची तिसरी खेप

कंपालातल्या त्या दुकानाचे तीन जिने चढून नाकिन्टू थकून बाकावर टेकली. नव्या मदरबोर्डवर प्रोसेसर याही वेळी बसला नव्हता.

"मावशी, तयार कॉम्प्युटर न्या ना! कशाला ही जुळवाजुळव?" दुकानदार मुवोन्गे म्हणाला.

"नवऱ्याने हौसेने जोडायला घेतला होता रे. मग अर्धांगाचा झटका आला. सहा महिने तोंडातून शब्द नाही. म्हटलं, मीच सुटे भाग आणून पुढ्यात ठेवावेत. परवा तुझा मदरबोर्ड बघितला आणि माझ्यावर खेकसला, 'अगं, हा नाही बसणार!'"

मुवोन्गेने शोधून नेमका जुळणारा मदरबोर्ड तिच्यापुढे ठेवला.

तिने तो हलकेच मागे सारला. "इतक्यात नको. अजून एखादा न बसणाराच दे."