मेमरी अपुरी

बाहेरचा पारा पंचावन्नावर गेला की वसाहतीतली घरं आपोआप हवाबंद होत. मग दार आणि गारवा सांभाळायचं काम घरच्या संगणकाच्याच मेमरीवर चालणाऱ्या आभासी यंत्राचं. त्या दुपारी कुमुदिनी तांबटांकडचं ते यंत्र बंद पडलं, ते पुन्हा सुरूच होईना. जन्मांध कुमुदिनीबाई आत एकट्या अडकल्या.

त्यांनी यंत्र बसवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, बाई."

"मला दिसत नाही हो. संगणक अक्षरं वाचून दाखवतो, पण हा संदेश चित्रात आहे, म्हणून तो नुसतं 'चित्र' म्हणतोय."

"मग घरातल्या कुणाला बघायला सांगा. नाहीतर माणूस येईल संध्याकाळी."

संध्याकाळपर्यंत कोण तग धरणार? घामाने साडी अंगाला चिकटली होती, श्वास जड झाला होता. त्यांनी यंत्राच्या नोंदींची फाईल शोधली आणि संगणकाच्या वाचक आवाजाकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. शेवटची ओळ होती, "मेमरी अपुरी."

"मेमरी कुणी खाल्लीय?"

"सर्वाधिक वापर: वाचक आवाज," आवाज शांतपणे म्हणाला.

फोनसकट त्यांचं सगळं त्या आवाजावर चालायचं. टॅबची कळ चार वेळा दाबली की यंत्राचं 'सुरू करा'चं बटण येतं, हे त्यांनी तीनदा वदवून घेतलं आणि आवाज बंद केला. चाचपडत चार टॅब मोजले, एंटर दाबलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पायाशी गार झुळूक आली.

आवाज पुन्हा लावला तर गारवा जाणार होता. कुमुदिनीबाई हात मांडीवर ठेवून, माणूस येण्याची वाट पाहत, त्या मुक्या घरात बसून राहिल्या.