फळीवरचं गिऱ्हाईक

बेकरीचं शटर बंद होतं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती : 'लेकीला मुलगी झाली. भेटून येते.' चिठ्ठीसमोर एक शाळकरी मुलगी उभी होती. पाठीवर दप्तर, कडेवर वर्षाचा ढब्बू भाऊ आणि चेहरा रडायच्या बेतात.

समोरच्या सलूनमधून काका हे सगळं आरशात बघत होते. त्यांच्या हाताखाली पोस्टमनचा गाल होता, अर्धा गुळगुळीत, अर्धा फेसात.

मुलीची आई इस्पितळात साफसफाईला, सकाळच्या पाळीला जायची. ढब्बूला बघायला घरी कोणी नाही, म्हणून मुलीची शाळा मध्यंतरी सुटलीच होती. तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी हा अख्खा रस्ता पालथा घातला, एकेका दुकानदाराला गोड बोलून पेचात पकडलं आणि वेळापत्रक करून टाकलं. दोन दिवस टेलरमास्तर, दोन दिवस बेकरीवाल्या मावशी, उरलेले दिवस घड्याळवाले. ढब्बू दुकानात, ताई वर्गात. तो कागद सगळ्यांच्या भिंतीवर लागला, सलूनच्या तेवढा नाही.

"माझ्याकडे वस्तरे, कात्र्या," काकांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं. "गिऱ्हाइकाचा गाल सांभाळू की तुमचं पोर?" बाईंनी वाद घातला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, की अशा मुलांचं एकदा वर्ष बुडालं की ती परत येत नाहीत. ते वाक्य काकांच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं.

आणि आज वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर होता. नातीच्या आनंदात मावशी आपली पाळी विसरल्या, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं! आज ज्यांची पाळी नव्हती, ती बाकीची दुकानं उघडायला अजून तास होता. शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं होती.

मुलीनं भावाच्या डोळ्यांवर आलेले केस फुंकर मारून उडवले आणि ती घराकडे वळली.

"ए पोरी!" काका हातातल्या वस्तऱ्यासकट दारात आले. "शाळा तिकडे कुठे?"

"माहितेय, काका. पण याला..."

"आण इकडे त्याला."

"तुमच्याकडे वस्तरे असतात ना?"

"असू देत. चावणारे दात याला आहेत, घाबरायचं मी. आण म्हणतो ना!"

"रडला तर?"

"रडला तर पोस्टमन गाणं म्हणतील. पळ तू!"

"अहो, मी?" आतून पोस्टमन म्हणाले, पण तोवर ढब्बू त्यांच्या मांडीवर होता आणि मुलगी कोपऱ्यापलीकडे पोचली होती. तिच्या दप्तरातली कंपासपेटी किती तरी वेळ खुळखुळताना ऐकू येत होती.

काकांनी सगळे वस्तरे सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. ढब्बूनं पोस्टमनच्या गालावरचा उरलेला फेस स्वतःच्या हातांनी पुसून घेतला, थोडा चाखून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. पोस्टमन पोट धरून हसले. त्या दिवशी ते एका गालानंच टपाल वाटायला गेले.

आता याला ठेवायचं कुठे? लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची एक लाकडी फळी होती. काकांनी ती टाकली, ढब्बूला वर बसवलं, बाकावर थांबलेल्या रंगाऱ्याला त्याला धरायला लावलं आणि लाळ अंगावर गळू नये म्हणून गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. फळीवर पोर बसलं, कापड बांधलं, की पुढचं काम हात आपणहून करतात. चाळीस वर्षं हेच चाललेलं. कंगवा फिरला, कात्री चालू लागली. काका शीळ घालत होते. ढब्बू आरशातल्या ढब्बूकडे बघून खिदळत होता.

"का हो," रंगाऱ्यानं विचारलं, "याच्या आईला विचारलंत?"

कात्री जागच्या जागी थांबली. उजवी बाजू झाली होती. लोकाचं पोर, आणि न विचारता त्याच्या डोक्याला कात्री! एवढ्यात ढब्बूनं मोठी जांभई दिली, डोकं काकांच्या हातावर टाकलं आणि तो झोपून गेला. काकांनी हळूच फळी काढून त्याला खुर्चीत आडवं केलं.

पेपर सुटल्यावर मुलगी धावत आली ती दारातूनच ओरडत. "काका, सगळा सोडवला! शेवटचं गणितसुद्धा!"

"शूऽऽ!" चौघांनी एकदम दटावलं. तीन गिऱ्हाइकं बाकावर अवघडून बसली होती, कोणी वर्तमानपत्राचं पानसुद्धा उलटत नव्हतं. सलूनची एकुलती एक खुर्ची ढब्बूनं अडवली होती. त्याचं डोकं उजवीकडून साहेबासारखं होतं आणि डावीकडून पूर्वीसारखंच जंगल.

मुलीनं तोंडावर हात दाबला, पण हसू कुठलं आवरतंय! "आई कधीची म्हणत होती, याचे केस कापायला हवेत. पण काका, हे अर्धंच?"

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी उगाचच कात्री पुसली. "झोपलेल्या गिऱ्हाइकाला मी हात लावत नाही. पुढचा पेपर कधी?"

"उद्या. पण उद्या मावशी येतीलच ना."

"मावशीला आता नात आहे. उरलेलं डोकं उद्या. घंटेच्या आधी आणून दे."

"आणि परीक्षा संपल्यावर?" मुलीनं विचारलं. "पुढच्या वर्षी?"

काकांनी ढब्बूच्या डाव्या कानावरचं जंगल हळूच मागे सारलं.

"केस काय," ते म्हणाले, "वाढतच असतात."