वाफ्याला दोन मुठी

मरोळला विहिरीकाठच्या जमिनीत भात निघाल्यावर त्या हिवाळ्यात दोघी शेजारणींनी पहिल्यांदाच गहू पेरला. बांधापलीकडचा क्लाराचा गहू कसा टवटवीत, आणि आपला मात्र पिवळट! मार्सेलिनाच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी तिने हसत हसत विचारलंच, "क्लारा, ते नवं पांढरं खत किती टाकलंस गं?"

"वाफ्याला दोन मुठी. जास्त नको हां, जमीन जळते."

'ही कशाला खरं सांगतेय!' असं मनाशी म्हणत मार्सेलिनाने वाफ्यावाफ्याला सहा-सहा मुठी उधळल्या. गहू काळाभोर हिरवा होऊन कमरेच्या वर गेला. चर्चमधून परतताना तिने क्लाराला मुद्दाम बांधावर नेऊन तो दाखवला. पण ओंब्या भरायच्या सुमाराला वारा सुटला आणि लुसलुशीत वाढलेला गहू आडवा झाला. हाती आला तो पोचट दाणा. तरी पुढचे दोन हिवाळे तिने तोच हट्ट चालवला. शेवटी माती दगडासारखी घट्ट झाली, त्यात गांडूळ म्हणून दिसेना.

क्लाराला राहवलं नाही. तिने आपल्या उकिरड्यातलं मुरलेलं शेणखत गाडीभर आणून मार्सेलिनाच्या शेतात ओतलं. "हे घाल गं, जमिनीत परत जीव येईल."

ती गेल्यावर मार्सेलिनाने खत हातात घेऊन चुरडलं, हुंगलं. खत खरोखरच झकास होतं.


'एवढं चांगलं मला दिलं, म्हणजे हिने स्वतःसाठी याहून भारी ठेवलं असणार!'