खात्रीचं रक्त

कांताने बाळाला टेबलावर बसवलं आणि डॉक्टर सूर्यकांत प्रधानांनी त्याची बोटं सरळ करून पाहिली. ती होईनात. पोट फुगलेलं, नाक बसकं. तपासणीआधीच त्यांना रोग कळून चुकला.

अशा मुलांत एका प्रकारच्या साखरेच्या साखळ्या तोडणारं एन्झाइम नसतं. ती साखर पेशींत साचत जाते आणि मूल शाळेत रुळायच्या आत हातचं जातं. याच रोगावर डॉक्टरांनी दिल्लीत प्रयोगशाळा उभी केली, नाव कमावलं. कांताचा नवरा कृष्णात छावणीत नाईक होता. कांता त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. कृष्णातचा थोरला भाऊ लहानपणी याच रोगाने गेला होता, म्हणून आणीबाणीच्या आदल्या वर्षी, लग्न ठरताना, दोघं रक्त तपासायला आली होती. एन्झाइम निम्मं असलेला माणूस स्वतः निरोगीच असतो, आई-बाप दोघांतही ते निम्मं असलं तरच मुलाला धोका, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. मग निकाल हसत सांगितला होता, दोघांचं रक्त अगदी माझ्यासारखं आहे, खुशाल लग्न करा.

'माझ्यासारखं' ही नुसती बोलायची रीत नव्हती. तुलनेला निरोगी माणसाचं ताजं रक्त लागतं, ते डॉक्टर दर वेळी स्वतःचंच देत. इतरांचा काय भरवसा! बाही वर सारत ते म्हणत, हे खात्रीचं रक्त. आजारी मुलांच्या रक्ताच्या नळीत एन्झाइमचा पिवळा रंगच उमटत नसे, त्यामुळे त्यांचं निदान कधी चुकलं नाही. आई-बापांचं रक्त तपासायची वेळ क्वचितच येई.

कृष्णातने खाली मान घालून घरचं सांगितलं. रक्तात खोट नाही हे तर साहेबांनीच सांगितलेलं, मग गरोदरपणात ग्रहण लागलं तेव्हा कांताने विळी हातात धरली असणार, असा त्याच्या आईचा हिशेब होता. सुट्टी मंजूर झाली की कांताला कायमचं माहेरी पोचवायचं ठरलं होतं.  कांताने हात पदराखाली घेतले.

डॉक्टर उखडले ते सहकारी चंद्रप्रभावर. नळ्यांची अदलाबदल तेव्हा तुझ्याच हातून झाली असणार, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं.  ती एवढंच म्हणाली, "सर, तुम्हाला आज ताप आहे. नॉर्मल रक्त मी देते."

दुसऱ्या दिवशी नळ्या रांगेत उभ्या राहिल्या. एन्झाइम जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. बाळाची नळी पाण्यासारखी. कांता-कृष्णातच्या फिक्या. चंद्रप्रभाची हळदीसारखी पिवळीजर्द. डॉक्टर वैतागून म्हणाले की हिचंच काहीतरी जास्त आहे. तिने शेजारच्या प्रयोगशाळेतल्या लोकांचं रक्त आणलं. तेही सगळं हळदीसारखं.

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी बाही वर केली. त्यांची नळी फिकी निघाली. कांताच्या नळीशेजारी धरली, तर कुठली कोणाची ते सांगता येईना. चंद्रप्रभा खिडकीबाहेर पाहत राहिली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांना लाज वाटली. स्वतःच्या बाहीची, त्या रुबाबाची आणि कांता-कृष्णातच्या लग्नात मिटक्या मारत खाल्लेल्या जेवणाचीसुद्धा.

व्हरांड्यात दोघं बाळाला घेऊन बसली होती. डॉक्टरांना पाहताच कृष्णात ताठ उभा राहिला.

"साहेब, तुमचं काय चुकलं न्हाई," तोच म्हणाला. "तुम्ही तर आमचं रक्त तुमच्यासारखंच सांगितलं होतं."

सुटायला वाट होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. चंद्रप्रभा कुणाला सांगणाऱ्यांतली नव्हती. पण कांताचे हात अजून पदराखाली होते.

"कांताबाई, हात बाहेर काढा. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "तुमचं रक्त खरंच माझ्यासारखं आहे. खोट माझ्यातही होती. मी स्वतःला निर्दोष धरून तुम्हाला मोजलं."