हौदाची राखण

घमेलं डोक्यावर घेऊन बाई हौदावरून उतरली आणि धुक्यात चालायला लागली. दादाजी काठी टेकत तिच्या मागं निघाला. ओरडायचंही जिवावर आलं होतं. रोज पहाटे नेमका डोळा लागायचा, आज त्यानं तो लागू दिला नव्हता. गुडघे बोलत होते. पण आजही चोर निसटला तर राखणीची नोकरी गेलीच म्हणायची.

हौद होता राईस मिलचा, सिहोऱ्याच्या तलावाच्या तोंडाशी. मिलचं आंबलेलं पाणी नालीतून साऱ्या मोहल्ल्याच्या दारावरून वाहत यायचं, हौदातल्या स्लॅगमधून झिरपायचं आणि तलावात नितळ होऊन उतरायचं. स्लॅग म्हणजे काय, तर लोखंडाच्या भट्टीतून निघालेली काळी खडी. कोणी फुकट नेऊ नये अशी वस्तू. ती घाण धरून ठेवते म्हणे. आता तीच चोरीला जात होती. नेत असेल कोणी अंगण भरायला, कोणी गोठा. मिलचा निकेश साहेब काल तोंडावरच बोलला, "दादाजी, हौदातली खडी अजून खाली गेली तर मी दुसरा माणूस ठेवतो."

नोकरी टिकवून तरी करायचं काय, असंही दादाजीला वाटे. घर ओस पडलं होतं; दोन म्हातारी माणसं तेवढी उरली होती. सून रिता बाळंतपणाला लाखनीला माहेरी गेली, ती परतलीच नाही. नालीच्या वासानं पोटात अन्न ठरत नाही म्हणाली. पोरगा प्रवीणही निम्मा तिकडेच. नात दिसायची ती मोबाईलमध्ये. दादाजीचं नाक केव्हाच मेलं होतं, पण जीव थोडाच मेला होता.

बाई मोहल्ल्यात शिरली आणि थेट दादाजीच्याच दारापुढं थांबली. नालीवरची फरशी सरकवून तिनं घमेलं आत रितं केलं. डोक्यावरचा पदर घसरला. धुरपता. त्याची लग्नाची बायको.

"तू?" दादाजी काठी टेकत पुढं आला.

धुरपता दचकली नाही. कंबर धरून ओट्यावर बसली. "तलावात साफ पानी जाते अन् आपल्या दारावरून घान. मंग मी हौद इथंच केला. मिलकडच्या बाजूनं भरत आली. रिता येत्या रविवारी येऊन राहिली, पोरीले घेऊन. म्हनते, वास आला तर संध्याकाळच्या गाडीनं वापस जाईन."

दादाजीनं वाकून पाहिलं. काळ्या पाण्याखाली काळी खडी पसरली होती. निकेश साहेबाला जाऊन सांगितलं तर नोकरी वाचत होती. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि रिकामं घमेलं उचललं.

"मोठे गोटे काहून आनून राहिली?" तो म्हणाला. "बारकं जास्त घान धरते. तू बस. मी आनतो."